फेनिटॉइनची लेव्हल रिपोर्टमध्ये नॉर्मल, पेशंट मात्र गुंगीत : टीबी मेनिंजायटिसची एक केस

ही केस मेडिसिन वॉर्डातली, टीबी मेनिंजायटिसची म्हणजे मेंदूभोवतीच्या आवरणांच्या टीबीची आहे, पेशंटची ओळख पटेल असे तपशील बदललेत. औषध रक्तात किती आहे आणि जिथे काम करायचंय तिथे किती पोचलंय, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे सेकंड एमबीबीएसला फार्मकॉलॉजीत सगळेच शिकतात, पण वॉर्डात छापील रिपोर्ट हातात आला की तोच आकडा खरा वाटायला लागतो. या एकाच पेशंटमध्ये ही गोष्ट दोन्ही बाजूंनी दिसली. एक औषध, फिट थांबवणारं फेनिटॉइन, मेंदूत गरजेपेक्षा जास्त जात होतं आणि रक्ताचा रिपोर्ट ते नॉर्मल आहे म्हणत होता, दुसरं औषध, टीबीचं रिफाम्पिसिन, डोसप्रमाणे अगदी बरोबर चालू होतं पण मेंदूपर्यंत त्याचा जेमतेम हिस्साच पोचत होता.

पेशंट २६ वर्षांची, ऊसतोडीच्या टोळीतली, वजन ४२ किलो. कारखान्याच्या तळावर असतानाच ताप आणि डोकेदुखी सुरू झाली, तीन आठवडे अंगावर काढली, मध्ये दोनदा गावातल्या दवाखान्यात सलाईन लावून घेतली, टायफॉइडच्या गोळ्या झाल्या. टोळीतलं माणूस बसून राहिलं की उचल फिटत नाही, त्यामुळे तापातही मोळ्या बांधायला जात होती असं नवरा सांगत होता. मग उलट्या सुरू झाल्या, असंबद्ध बडबड, सासूला ओळखेना, आणि एका पहाटे कोपीतच फिट आली. जवळच्या शहरातल्या एका खासगी हॉस्पिटलात ॲडमिट केलं.

तिथे निदान वेळेत आणि नीट झालं हे आधी सांगायला हवं. सीटीत मेंदूच्या तळाशी एक्झुडेट्स म्हणजे सुजेचा घट्ट स्राव आणि हलकं हायड्रोसेफॅलस म्हणजे मेंदूत साठलेलं पाणी, पाठीतलं पाणी काढलं त्यात १८० पेशी, त्यात लिम्फोसाइट जास्त, प्रोटीन २१०, साखर २८ आणि त्याच वेळी रक्तातली साखर ११०. सीबीनॅट, म्हणजे टीबीच्या जंतूची जनुकीय तपासणी, पॉझिटिव्ह, रिफाम्पिसिनला रेझिस्टन्स नाही. एचआयव्ही निगेटिव्ह. डावा डोळा बाहेरच्या बाजूला वळत नव्हता, म्हणजे सहावी नर्व्ह गेलेली. वजनाच्या गटाप्रमाणे टीबीच्या चार औषधांच्या (आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायरॅझिनामाइड, इथॅम्ब्युटॉल) एकत्र गोळ्या, रोज ३, म्हणजे रिफाम्पिसिन ४५० मिलिग्रॅम, सोबत सूज उतरवणारं स्टिरॉइड डेक्सामेथासोन आणि बी-६. फिटसाठी फेनिटॉइन ८०० मिलिग्रॅम नॉर्मल सलाईनमधून हळूहळू दिलं आणि नंतर नाकातून पोटात घातलेल्या राइल्स ट्यूबमधून १०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा.

पाचेक दिवसांत सुधारणा दिसली. फिट परत आली नाही, ताई डोळे उघडून बघायला लागली, पाणी मागितलं. त्याच दिवशी फेनिटॉइनची लेव्हल आली, ८.१. नॉर्मल रेंज १० ते २० मायक्रोग्रॅम प्रति मिली, रिपोर्टवर आकड्यापुढे ठळक 'लो'. ट्यूबमधून फीडसोबत दिलं की फेनिटॉइन नीट शोषलं जात नाही हे सगळ्यांना माहीत असतं, त्यामुळे ते कमी आलं यात कुणाला नवल वाटलं नसणार. डोस वाढवून दिवसाला ४०० केला.

त्यानंतर चार-पाच दिवसांत चित्र उलटं फिरलं. परत झोपाळू, हाक मारली तर 'हं' म्हणून पुन्हा डोळे मिटणार, उलट्या परत सुरू. नातेवाइकांना सांगितलं गेलं की टीबी डोक्यात वाढतोय, डोक्यातलं पाणी काढून देणारी नळी, म्हणजे शंट, टाकावा लागेल कदाचित, आणि तोवर पैसेही संपले होते, म्हणून आमच्याकडे पाठवलं.

आमच्याकडे आली तेव्हा पहिला विचार आम्हीही तोच केला, करायलाच हवा होता. टीबी मेनिंजायटिसचा पेशंट सुधारून परत गुंगीत गेला तर हायड्रोसेफॅलस वाढलं का, इन्फार्क्ट झाला का, म्हणजे रक्तपुरवठा तुटून मेंदूचा भाग मेला का, सोडियम पडलं का, टीबीच्या गोळ्यांनी लिव्हर बिघडलं का, हे क्रमाने बघायचंच असतं. सीटी परत केला, व्हेंट्रिकल्स, म्हणजे मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्या, होत्या तेवढ्याच. सोडियम १३१, थोडं कमी पण एवढी गुंगी येण्याइतकं नाही. बिलिरुबिन ०.९, एसजीपीटी ५८. साखर ठीक. ताप नाही. आजार वाढल्याची एकही खूण सापडेना.

मग रेसिडेंटने डोळे तपासले. हे मुद्दाम तपशिलात लिहिते कारण इथेच केस फिरली. ताईला जागं करून, हनुवटी धरून, बोट उजवीकडे नेलं तर दोन्ही डोळे उजवीकडे जाऊन तिथे थरथरायला लागले, हळू मध्याकडे सरकायचे आणि झटक्याने परत उजवीकडे. बोट डावीकडे नेलं तर डावा डोळा मधेच अडकला, तो आधीपासूनच अडकलेला होता, पण उजवा डोळा नाकाकडे आला आणि त्यालाही तेच झटके. म्हणजे नर्व्हच्या कमजोरीच्या पलीकडे, दोन्ही बाजूंना बघताना निस्टॅगमस. आधाराने बसवलं तर धड डोलत होतं. स्वतःच्या नाकाला बोट लावायला सांगितलं तर बोट गालावर गेलं. तोल सांभाळणाऱ्या सेरेबेलमची ही लक्षणं आणि सीटीत सेरेबेलम स्वच्छ. औषधांचा कागद मागवला तेव्हा ४०० मिलिग्रॅम फेनिटॉइन दिसलं, ४२ किलोच्या पेशंटला, म्हणजे किलोमागे साडेनऊ मिलिग्रॅम, नेहमीच्या मेंटेनन्स डोसच्या जवळपास दुप्पट.

सकाळच्या डोसच्या आधी लेव्हल पाठवली. ११.८. रिपोर्टवर यावेळी 'लो' नाही, 'हाय' पण नाही. नॉर्मल.

त्याच सॅम्पलमधला अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं मुख्य प्रोटीन, १.९ ग्रॅम. साधारण साडेतीनच्या वर असायला हवा. महिनाभराचा ताप, जेवण नाही, त्याआधीही फडावर भाकरी-चटणीवर काढलेले दिवस, त्यामुळे १.९ येणं स्वाभाविक होतं, आणि तो रिपोर्ट आधीच्या हॉस्पिटलच्या फाइलमध्येही होता, फक्त फेनिटॉइनच्या रिपोर्टशेजारी ठेवून कुणी वाचला नव्हता.

आता मुख्य मुद्दा. फेनिटॉइन रक्तात गेल्यावर साधारण ९० टक्के अल्ब्युमिनला चिकटून बसतं. चिकटलेलं औषध केशवाहिनीच्या भिंतीतून बाहेर पडत नाही, मेंदूत जात नाही, लिव्हरच्या हाती लागत नाही. जे १० टक्के मोकळं आहे तेवढंच फिरतं, तेच टिश्यूत जातं, तेच फिट थांबवतं आणि जास्त झालं तर तेच डोळे थरथरवतं. म्हणून मोकळ्या फेनिटॉइनची रेंज वेगळी आहे, १ ते २. पण लॅब सहसा एकूण मोजते, चिकटलेलं अधिक मोकळं, आणि १० ते २० ही रेंज अल्ब्युमिन नॉर्मल आहे असं गृहीत धरून ठरवलेली आहे.

इथपर्यंत बहुतेकांना माहीत असतं. गडबड पुढच्या पायरीवर होते. बरेच जण म्हणतात अल्ब्युमिन कमी, म्हणून मोकळं औषध वाढलं, म्हणून विषबाधा. हे अर्धवट आहे. अल्ब्युमिन हळूहळू कमी झालं आणि डोस तोच राहिला तर स्थिरावल्यावर मोकळी लेव्हल जवळजवळ तेवढीच राहते, कमी होते ती एकूण लेव्हल. का, ते बघा. एसटीत सीटा कमी केल्या की उभे प्रवासी वाढतात, पण दाराशी उभे असलेलेच पुढच्या थांब्यावर आधी उतरतात, त्यामुळे थोड्या वेळाने उभ्यांची गर्दी पूर्वीइतकीच होते आणि गाडीतली एकूण माणसं मात्र कमी झालेली असतात. कंडक्टरने फक्त एकूण डोकी मोजली तर त्याला गाडी रिकामी वाटणार आणि तो अजून माणसं कोंबणार. लिव्हर फक्त मोकळं औषध उचलते, चिकटलेल्याला हात लावत नाही, म्हणून मोकळ्याचा हिस्सा वाढला की रक्तातून उचलही त्याच प्रमाणात वाढते आणि एकूण आकडा खाली येतो.

म्हणजे ८.१ ही लेव्हल कमी नव्हतीच. कमी अल्ब्युमिनसाठी लेव्हल दुरुस्त करणाऱ्या शायनर-टोझर फॉर्म्युल्यात टाकून बघा, मोजलेली लेव्हल भागिले (०.२ गुणिले अल्ब्युमिन अधिक ०.१). अल्ब्युमिन १.९ असताना भाजक ०.४८ येतो, आणि ८.१ चे होतात जवळपास १७. म्हणजे ज्या दिवशी रिपोर्टवर 'लो' छापून आलं त्या दिवशी ताईच्या मेंदूला रेंजच्या वरच्या भागातलं फेनिटॉइन मिळत होतं, फिट थांबली होती, डोळे उघडले होते, पेशंट स्वतःच सांगत होती की डोस बरोबर आहे. माझ्या मते या केसमधली सगळ्यात महत्त्वाची नोंद ती आहे, 'पाणी मागितलं' ही नर्सेस नोट.

आणि ११.८ चे होतात साडेचोवीस.

डोस तर फक्त १०० ने वाढवला, मग एवढी उडी का, तर फेनिटॉइनची दुसरी खोड. ते मोडणारी लिव्हरची एन्झाइम्स नेहमीच्या डोसलाच जवळजवळ भरून जातात. त्यानंतर डोस थोडा जरी वाढवला तरी मोडण्याचा वेग वाढत नाही, रोजचं उरलेलं साठत जातं आणि लेव्हल स्थिर न होता चढतच राहते. त्यात आयसोनियाझिड तेच मोडणं अजून मंदावतं, विशेषतः जे लोक आयसोनियाझिड हळू पचवतात त्यांच्यात, आणि आपल्याकडे असे लोक भरपूर आहेत. रिफाम्पिसिन उलट एन्झाइम्स वाढवतं, पण त्याला एक-दोन आठवडे लागतात, आणि दोघांच्या ओढाताणीत शेवटी कुणाची सरशी होईल हे पेशंटपरत्वे बदलतं. पहिल्या दोन आठवड्यांत टीबीची औषधं आणि फेनिटॉइन एकत्र असतील तर मी कुठल्याच एका आकड्यावर विसंबून डोस बदलणार नाही.

फॉर्म्युलाही काही देववाक्य नाही. गंभीर पेशंटमध्ये तो चुकतो, काही जण ०.२ ऐवजी ०.२५ घेतात आणि तसं केलं तर ११.८ चे साडेवीस येतात, म्हणजे सीमारेषेवर. म्हणून मोकळी लेव्हल मुंबईच्या एका लॅबला पाठवली. ही टेस्ट महाग, रिपोर्टला वेळ लागतो, आणि सॅम्पल गाळताना तापमान ३७ डिग्री ठेवलं नाही, खोलीच्या तापमानाला गाळलं, तर आकडा खोटा कमी येतो. रिपोर्ट आला २.६. वरची हद्द २. एकूण ११.८ मधलं २.६ मोकळं म्हणजे २२ टक्के, दहाच्या जागी बावीस. पण त्या रिपोर्टची वाट बघत आम्ही थांबलो नव्हतो, डोळ्यांची तपासणी आणि अल्ब्युमिन एवढ्यावरच औषध बंद केलं होतं.

वाटपाचं प्रमाण कळावं म्हणून एक हिशोब करून बघितला, ढोबळच आहे. फेनिटॉइन शरीरात किलोमागे साधारण ०.६५ लिटरमध्ये पसरल्यासारखं वागतं, ४२ किलोला म्हणजे सुमारे २७ लिटर. ८.१ लेव्हल आली त्या दिवशी, दुरुस्त लेव्हल १७ धरली तर, अंगात एकूण साडेचारशे मिलिग्रॅमच्या आसपास औषध होतं. ताईच्या अंगात प्लाझ्मा असेल जेमतेम दोन लिटर, त्यात ८.१ च्या हिशोबाने १५-१६ मिलिग्रॅम. म्हणजे लॅबने ज्या द्रवात मोजलं तिथे सगळ्या औषधाचा तिसावा हिस्सा होता, बाकी स्नायूत, चरबीत, लिव्हरमध्ये, मेंदूत. त्या तिसाव्या हिश्शावरून बाकीच्याचा अंदाज बांधायचा तर मधला दुवा मोकळं औषध हाच आहे. पाठीच्या पाण्यातली फेनिटॉइनची पातळी मोकळ्या लेव्हलच्या जवळपास असते, लाळेतलीही असते, एकूण लेव्हलशी ती जुळत नाही.

फेनिटॉइन थांबवून फिटचंच दुसरं औषध लेव्हेटिरॅसिटाम सुरू केलं, ५०० मिलिग्रॅम दोनदा. प्रोटीनला १० टक्क्यांहून कमी चिकटतं, लिव्हरच्या त्या एन्झाइम्सशी देणंघेणं नाही, किडनीतून जातं, रिफाम्पिसिन-आयसोनियाझिडच्या भांडणात पडत नाही. फिटचंच व्हॅल्प्रोएट का नाही असं एकाने राउंडला विचारलं. तेही अल्ब्युमिनवरच्या त्याच जागा बळकावतं, अंगात उरलेल्या फेनिटॉइनला अजून मोकळं करतं, आणि टीबीच्या गोळ्या चालू असताना लिव्हरवर आणखी एक भार. दुसरं म्हणजे फेनिटॉइन स्टिरॉइडही लवकर मोडायला लावतं, टीबी मेनिंजायटिसमध्ये डेक्सामेथासोन महत्त्वाचं, व्हिएतनाममधल्या ५४५ पेशंटच्या २००४ सालच्या ट्रायलमध्ये त्याने मृत्यू कमी झाले होते, तर तेही वाया जाऊ नये.

सुरुवातीला उतार सावकाश होता, एन्झाइम्स भरलेली असताना होतोच. तिसऱ्या दिवशी ताई आपणहून उठून बसली. डोळ्यांचे झटके त्यानंतर गेले, चालताना तोल जाणं आठवडाभर राहिलं. शंट लागला नाही.

आता दुसरं औषध, रिफाम्पिसिन.

नवरा रोज राउंडला हात जोडून उभा असायचा, फार बोलायचा नाही. ताई शुद्धीवर आल्यावर त्याने विचारलं, "मॅडम, माझ्या थोरल्या भावाला छातीचा टीबी झालता, त्यालाबी ह्याच लाल गोळ्या व्हत्या. छातीतल्या गोळ्या डोक्यात जातेत का?"

"दादा, जातात," मी म्हटलं, "पण सगळ्या सारख्या नाही जात, म्हणून तर गोळ्या जास्त दिवस घ्यायच्या." त्याला तेवढं पुरलं. मात्र प्रश्न इतका नेमका होता की दुपारी रेसिडेंटना घेऊन बसले, कारण याचं नीट उत्तर दिलंच पाहिजे असं वाटलं.

मेंदूच्या रक्तवाहिन्या इतर शरीरासारख्या नसतात. १८८५ मध्ये पॉल एर्लिकने जनावरांच्या रक्तात रंग टोचले तर सगळे अवयव रंगले, मेंदू मात्र कोरा राहिला. त्याला वाटलं मेंदू रंग धरतच नाही. १९१३ मध्ये त्याच्याच हाताखाली काम केलेल्या एडविन गोल्डमनने ट्रिपॅन ब्लू थेट मेंदूभोवतीच्या पाण्यात सोडला, तेव्हा मेंदू निळा झाला आणि बाकी अंग कोरं. म्हणजे मेंदूला रंग लागत होता, रक्तातून तिथपर्यंत पोचत नव्हता. तिथल्या केशवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट शिवलेल्या असतात की मधून काही झिरपत नाही, जायचं तर पेशीच्या आरपार जायचं, आणि त्यासाठी रेणू लहान हवा, मेदात विरघळणारा हवा, प्रोटीनला न चिकटलेला हवा, शिवाय काही औषधं आत शिरली तरी पी-ग्लायकोप्रोटीनसारखे पंप त्यांना परत रक्तात ढकलतात.

या कसोटीवर ताईच्या चार औषधांकडे बघा. आयसोनियाझिड, रेणूभार १३७, प्रोटीनला फारसं चिकटत नाही, पाठीच्या पाण्यात रक्ताच्या जवळपास तेवढंच. पायरॅझिनामाइड, १२३, तेही तसंच, म्हणूनच लिव्हर बिघडून ते थांबवायची वेळ आली की टीबी मेनिंजायटिसमध्ये जीव कासावीस होतो. इथॅम्ब्युटॉल त्यापेक्षा बरंच कमी जातं आणि मेनिंजेस (मेंदूची आवरणं) सुजलेले असतानाच काय ते जातं. आणि टीबीचा कणा म्हणतात ते रिफाम्पिसिन, रेणूभार ८२३, प्रोटीनला ८० टक्के चिकटलेलं, पाठीच्या पाण्यात रक्ताच्या १० ते २० टक्के. रक्तातला त्याचा अपेक्षित पीक ८ ते २४ मायक्रोग्रॅम, पाठीच्या पाण्यात बऱ्याचदा १ च्या खाली. नीट बघितलं तर हे १०-२० टक्के रिफाम्पिसिनच्या मोकळ्या हिश्शाच्या आसपासच आहेत. दोष एकट्या भिंतीचा नाही, भिंतीपाशी पोचेपर्यंतच बहुतेक रिफाम्पिसिन अल्ब्युमिनने धरून ठेवलेलं असतं. फेनिटॉइनचा आणि रिफाम्पिसिनचा प्रश्न इथे एकच होतो.

मग डोस वाढवायचा का? बांडुंगला इंडोनेशियात ६० पेशंटमध्ये शिरेतून ६०० मिलिग्रॅम रिफाम्पिसिन देऊन बघितलं, २०१३ साली छापून आलं, सहा महिन्यांतले मृत्यू ६५ टक्क्यांवरून ३५ टक्क्यांवर आले, सगळ्यांना हुरूप आला. मग व्हिएतनाममध्ये ८१७ पेशंटची मोठी ट्रायल झाली, किलोमागे १५ मिलिग्रॅम तोंडाने, सोबत लेव्होफ्लॉक्सासिन, २०१६ साली निकाल आला, फायदा काहीच नाही. तोंडावाटे किलोमागे १० चे १५ केल्याने मेंदूतली पातळी पुरेशी वाढत नसावी असं अनेकांचं मत पडलं, मलाही ते पटतं. एक गोष्ट मात्र यातून पक्की, रक्तात जास्त ओतलं म्हणजे मेंदूत त्याच प्रमाणात फायदा होईल असं धरून चालत नाही. आम्ही ताईचा रिफाम्पिसिनचा डोस वाढवला नाही, ट्रायलबाहेर तसं करायला आधार पुरेसा नव्हता, आणि नुकतंच एका औषधाच्या वाढीव डोसमधून बाहेर आलेल्या, १.९ अल्ब्युमिनच्या पेशंटवर तो प्रयोग करायची माझी तयारी नव्हती.

रेसिडेंटपैकी एकाने चांगली शंका काढली. मेनिंजेस सुजल्या की भिंत सैल होते आणि औषधं जास्त शिरतात, मग आपण डेक्सामेथासोनने सूज उतरवतो म्हणजे स्वतःच दार बंद करतो की काय? तर्क बरोबर आहे, पण औषधांची पातळी थोडी घटली असं धरलं तरी सुजेने होणारं नुकसान त्याहून मोठं असतं, कवटीत जागा नसते, तळाशी एक्झुडेट रक्तवाहिन्या आवळतो आणि इन्फार्क्ट होतात. वर सांगितलेल्या ट्रायलमधला जीव वाचण्याचा फायदा हा सगळा हिशोब धरूनच आलेला आहे.

आणि पाठीतलं पाणी म्हणजेसुद्धा मेंदू नव्हे. ते पाणी मुख्यतः मेंदूच्या पोकळ्यांतल्या कोरॉइड प्लेक्सस नावाच्या जाळ्यातून झिरपतं, तिथली भिंत वेगळी, आपण ते घेतो कमरेतून, आणि मेंदूच्या आत एखादी टीबीची गाठ असेल तर तिच्यात किती औषध आहे हे त्या पाण्यावरून कळायला मार्ग नाही. गाठीच्या मध्यभागी चीजसारखा मेलेला भाग असतो, तिथे रक्तवाहिनीच नसते, औषधाला बाहेरून थराथराने झिरपत आत जावं लागतं. फुप्फुसातल्या गाठींवर हे प्रत्यक्ष दाखवलं गेलंय, ऑपरेशनने काढलेल्या तुकड्यांच्या पातळ कापांवर औषधाचा नकाशा काढून, २०१५ साली. पायरॅझिनामाइड आणि रिफाम्पिसिन त्या मेलेल्या गाभ्यात उतरतात, मॉक्सिफ्लॉक्सासिन मात्र गाभ्याभोवतीच्या जिवंत पेशींत भरपूर साठतं आणि आत फारसं जात नाही. म्हणजे जे रिफाम्पिसिन मेंदूच्या भिंतीपाशी अडखळतं तेच फुप्फुसातल्या गाठीच्या गाभ्यात मुरतं. एका टिश्यूवरून दुसऱ्याचा अंदाज बांधता येत नाही तो असा.

ताईच्या बाबतीत याला अर्थ आला तो नंतर. तिसऱ्या महिन्यात फॉलोअपला आली तेव्हा चालत आली, वजन ४७, अल्ब्युमिन ३.४, डावा डोळा अजून पूर्ण बाहेर वळत नव्हता. एमआरआयमध्ये एक छोटी ट्युबरक्युलोमा, म्हणजे टीबीची गाठ, आधी नव्हती किंवा सीटीत दिसली नव्हती. लक्षण काही नाही. औषधं काम करत असतानाही अशी गाठ उठू शकते, रेझिस्टन्स आधीच नव्हता, म्हणून गोळ्या बदलल्या नाहीत, स्टिरॉइड थोडं लांबवलं, आणि टीबीची औषधं पूर्ण वर्षभर चालू ठेवायचं ठरवलं, छातीच्या टीबीला सहा महिने पुरतात तिथे इथे बारा. लेव्हेटिरॅसिटाम गाठ असेपर्यंत राहील.

वर्षभर गोळ्या म्हणजे पुढचा हंगाम मधेच येणार. नवऱ्याने मुकादमाला आधीच सांगून ठेवलंय की यंदा कोयता एकट्याचा, म्हणजे जोडीची निम्मी उचल. आशाताईंना फोन करून गावातल्या उपकेंद्रातून गोळ्या मिळतील आणि दर महिन्याला वजन होईल अशी सोय लावली, कारण वजनाचा गट बदलला की गोळ्यांची संख्या बदलते आणि ताई ५० च्या जवळ येत चाललीये, तिथे ३ च्या ४ होतात.

वॉर्डात आम्ही एक बदल केला. फेनिटॉइन लेव्हलच्या फॉर्मवर आता तीन गोष्टी लिहिल्याशिवाय सॅम्पल पाठवत नाही : शेवटचा डोस किती वाजता दिला, अल्ब्युमिन किती, आणि सॅम्पल घेतलं तेव्हा पेशंट कसा होता, फिट आहे का, निस्टॅगमस आहे का. तिसरा रकाना भरायला रेसिडेंट कुरकुर करतात, रात्रीच्या ड्युटीत तर जास्तच, पण तो भरायला बेडपाशी जाऊन बोट हलवून बघावं लागतं, म्हणून तोच मी सगळ्यात आधी तपासते.